एरर छापायला प्रिंटएफ पुरत नाही

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आहे. कधी तो नोट्सच्या झेरॉक्समध्ये सापडतो, कधी मुलाखतीच्या तयारीच्या फॉरवर्डमध्ये. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर हाच असतो:

'एरर मेसेज छापायला प्रिंटएफ पुरेसं आहे. स्टँडर्ड आउटपुट काय आणि स्टँडर्ड एरर काय, दोन्ही स्क्रीनवरच येतात. प्रोग्रॅम कुठे पडला ते शेवटच्या छापलेल्या ओळीवरून कळतं. कारण हवं असेल तर पीएरर टाका, ते सगळं सांगतं. मेसेज आधीच स्ट्रिंगमध्ये असेल तर टक्का-एस लिहायची गरज नाही, स्ट्रिंग थेट प्रिंटएफला द्या. स्वतःचं एरर फंक्शन लिहिणं म्हणजे वेळ वाया. आणि एरर मेसेज तसंही कुणी वाचत नाही.'

प्रिंटएफ म्हणजे मजकूर छापणारं सी भाषेतलं फंक्शन, पीएरर म्हणजे एररचं कारण छापणारं, आणि टक्का-एस (%s) म्हणजे 'इथे स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, घाल' अशी प्रिंटएफला केलेली खूण. सी भाषेतले प्रोग्रॅम लिहिण्यात, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करण्यात, माझी उमेदीची वर्षं गेली. या सात वाक्यांपैकी एकही मला तसंच सोडून देता येत नाही. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे मान्य. पहिल्याच आठवड्यात पडद्यावर नाव छापणाऱ्या मुलापुढे फाईल डिस्क्रिप्टरचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या वाटांच्या क्रमांकांचं, पुराण लावू नये, हेही मान्य. पण हा सल्ला पहिल्या आठवड्यापुरता राहत नाही. तो प्रोजेक्टमध्ये जातो, तिथून नोकरीत जातो, आणि रात्री दोन वाजता ज्याला फोन येतो त्याच्या वाट्याला त्याची फळं येतात. म्हणून एकेक वाक्य घेतो. पहिलं वाक्य मात्र शेवटी घेईन, त्याला कारण आहे.

'दोन्ही स्क्रीनवरच येतात.' येतात, पण कुणी त्यांना वेगळं करेपर्यंतच. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याला तीन वाटा मिळालेल्या असतात: 0 क्रमांकाची इनपुटची, 1 क्रमांकाची आउटपुटची आणि 2 क्रमांकाची एररची. टर्मिनलसमोर बसून प्रोग्रॅम चालवला की 1 आणि 2 या दोन्ही वाटा एकाच खिडकीत येऊन मिळतात, म्हणून त्या एकच वाटतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत सी भाषेची ओळख टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर झाली, आणि डॉसच्या कमांड प्रॉम्प्टवर एररची वाट वेगळी वळवायची सोयच नव्हती. तिथे शिकून ज्यांनी पुढे शिकवलं, त्यांना हा फरक डोळ्यांनी कधी दिसलाच नाही. त्यांचा दोष नाही. पण आज तीच मुलं लिनक्सवर काम करतात.

समजा, दूध संकलन केंद्राचा एक प्रोग्रॅम आहे. दहा दिवसांच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक उत्पादकाच्या नावापुढे लिटर, फॅट आणि रक्कम छापायची, एवढंच त्याचं काम. आउटपुट '>' लावून एका फाईलमध्ये घेतलं जातं आणि ती फाईल खात्यात पैसे जमा करणारा दुसरा प्रोग्रॅम वाचतो. आता एका दिवसाच्या नोंदींची फाईल उघडलीच नाही. प्रिंटएफने छापलेला 'फाईल उघडता आली नाही' हा मेसेज जाईल कुठे? पडद्यावर येणार नाही. तो त्या पैशांच्या फाईलमध्ये, दोन उत्पादकांच्या मध्ये जाऊन बसेल. ऑपरेटरला पडदा कोरा दिसेल आणि कोरा पडदा म्हणजे काम झालं, असंच कुणीही समजेल. मधे पाइप ('|') घालून आउटपुट क्रम लावणाऱ्या सॉर्ट या प्रोग्रॅमकडे पाठवलं असेल तर मेसेज वर्णानुक्रमे लागेल: पाटील, मग 'फाईल उघडता आली नाही', मग बनसोडे. हाच मेसेज स्टँडर्ड एररवर छापला असता तर '>' आणि '|' दोघांनीही त्याला हात लावला नसता. तो ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर आला असता, किंवा '2>' लावून वेगळ्या फाईलमध्ये साठवता आला असता. एफप्रिंटएफ, म्हणजे कुठल्या वाटेवर छापायचं ते सांगता येणारं प्रिंटएफ, लिहायचं आणि पहिला आर्ग्युमेंट स्टँडर्ड एररचा द्यायचा, एवढाच काय तो जास्तीचा खर्च.

एररची वेगळी वाट कुणा पुस्तकी माणसाच्या डोक्यातून निघालेली नाही, ती त्रासातून निघाली. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरून फोटोटाइपसेटरवर मजकूर जुळवायचं काम चाले. यॅक आणि लिंट ही प्रोग्रॅमरांची अवजारं लिहिणारे स्टीफन जॉन्सन यांनी ती हकिकत सांगून ठेवली आहे. टाइपसेटरमधून निघालेली कागदाची लांब पट्टी उग्र वासाच्या डेव्हलपिंग यंत्रात काळजीपूर्वक सरकवायची आणि काही मिनिटं थांबायचं, तेव्हा कुठे अक्षरं उमटायची. एका दुपारी तिथल्या बऱ्याच जणांवर एकच प्रसंग आला. एवढी खटपट करून कागद बाहेर आला आणि त्यावर सुबक टाइपात एकच ओळ होती: अमुक फाईल उघडता येत नाही. एरर मेसेज आउटपुटच्याच वाटेने निघाला होता, त्यामुळे तोही छापून आला. कुरकुर झाली, ती योग्य माणसांच्या कानांवर गेली आणि दोनेक दिवसांत स्टँडर्ड एरर जन्माला आला. म्हणजे 'दोन्ही एकच' ही समजूत धरून चाललं की काय होतं, हे पन्नास वर्षांपूर्वीच कागदावर उमटलेलं आहे.

'प्रोग्रॅम कुठे पडला ते शेवटच्या छापलेल्या ओळीवरून कळतं.' या वाक्याने मुलांचे जेवढे तास खाल्ले आहेत तेवढे दुसऱ्या कशाने खाल्ले नसतील.

एक विद्यार्थिनी माझ्याकडे तिचा प्रोग्रॅम घेऊन आली होती. शेकडो मुलांचे मार्क वाचून निकाल तयार करायचा होता. मध्येच सेगमेंटेशन फॉल्ट येत होता, म्हणजे मेमरीतल्या नको त्या जागेला हात लावल्याने प्रोग्रॅम पडत होता. तिने प्रत्येक पायरीवर प्रिंटएफ घातलं होतं आणि आउटपुट लांबलचक होतं म्हणून ते फाईलमध्ये घेतलं होतं. फाईलमधली शेवटची ओळ एका रोल नंबरवर थांबत होती, त्यामुळे त्या मुलाच्या नोंदीतच गडबड आहे असं धरून ती दोन दिवस त्याच नोंदीशी झगडत होती. नोंद धडधडीत बरोबर होती. मी तिला फाईलची शेवटची ओळ पुन्हा नीट बघायला सांगितली. ओळ अर्धीच होती, शब्दाच्या मधोमध तुटलेली. मग आम्ही फाईलचा आकार पाहिला. बरोबर 8192 बाईट.

हा आकडा म्हणजे 4096 गुणिले 2, आणि तोच खरा गुन्हेगार. प्रिंटएफ मजकूर लगेच बाहेर पाठवत नाही, आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवतं. समोर टर्मिनल असेल तर साधारणपणे ओळ संपली की बफर रिकामा होतो. फाईल किंवा पाइप असेल तर बफर गच्च भरेपर्यंत काहीच बाहेर जात नाही, आणि लिनक्सवर तो बहुधा 4096 बाईटांचा असतो. सी भाषेच्या मानकातच तसं लिहिलेलं आहे: आउटपुट माणसासमोरच्या उपकरणाकडे जात नाही हे ठरवता आलं तर ते पूर्ण बफर करावं, आणि स्टँडर्ड एरर कधीही पूर्ण बफर करू नये. प्रोग्रॅम एक्झिटने नीट संपला तर उरलेला बफर रिकामा केला जातो. सेगमेंटेशन फॉल्टमध्ये कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोग्रॅमला जागच्या जागी संपवतो आणि बफरमध्ये अडकलेल्या ओळी त्याच्याबरोबर जातात. त्या मुलीचा प्रोग्रॅम प्रत्यक्षात कितीतरी नोंदी पुढे जाऊन पडला होता. आम्ही सगळे प्रिंटएफ बदलून स्टँडर्ड एररवर नेले, आणि पहिल्याच वेळी खरी जागा समोर आली. अॅरेच्या मर्यादेबाहेर एक घर लिहिलं जात होतं.

याच बफरचा आणखी एक चकवा आहे. प्रिंटएफनंतर बफर रिकामा व्हायच्या आत फोर्क केलं, म्हणजे चालू प्रोग्रॅमची दुसरी प्रत सुरू केली, तर बफरची नक्कलही त्या प्रतीत जाते आणि एकच मेसेज दोनदा छापला जातो. टर्मिनलवर एकदा, फाईलमध्ये दोनदा. ज्याला बफर माहीत नाही त्याने याचा उलगडा करायचा तरी कसा?

'पीएरर टाका, ते सगळं सांगतं.' पीएरर चांगलं फंक्शन आहे, आणि त्याचा मेसेज स्टँडर्ड एररवरच जातो हा त्याचा मोठा गुण. पण ते 'सगळं' सांगत नाही. एरनो नावाच्या एका पूर्णांकात त्या क्षणी जे पडलेलं असेल त्याचं ते वाक्य करून छापतं. लिनक्सवर 2 असेल तर 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी', 13 असेल तर 'परमिशन डिनाइड', 28 असेल तर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. तो आकडा खरा किती, हे मात्र तुम्ही पीएरर कधी बोलावता यावर अवलंबून आहे.

लायब्ररीचं कुठलंही फंक्शन काम फत्ते झालं म्हणून एरनो शून्य करत नाही. आणि काम फत्ते झालं तरी एखादं फंक्शन एरनो बदलू शकतं, मानकात त्याला मुभा आहे. त्यामुळे फाईल उघडणारं एफओपन फेल झालं, मग तुम्ही प्रिंटएफने 'आता काय झालं ते बघू' असं छापलं आणि मग पीएरर बोलावलं, तर पीएरर प्रिंटएफनंतरचा एरनो सांगतं, एफओपनचा नाही. जुन्या युनिक्स यंत्रणांवर यातूनच एक अजब मेसेज यायचा: 'नॉट अ टाइपरायटर'. फाईल उघडायला गेलो आणि कॉम्प्युटर टाइपरायटरचं काय सांगतोय, म्हणून माणसं चक्रावायची. आउटपुट टर्मिनलकडे जातंय का, हे प्रिंटएफ आतल्या आत तपासायचं. तिथे टर्मिनल नाही असं उत्तर मिळालं की तेच एरनोमध्ये मागे राहायचं. आज त्याच क्रमांकाचा मेसेज 'इनअॅप्रोप्रिएट आयोक्टल फॉर डिव्हाइस' असा येतो, आणि तोही कित्येकदा असाच, दुसऱ्याच कुणाची चूक सांगत येतो. उपाय सोपा आहे: फंक्शन फेल झालं की पुढच्याच ओळीत एरनो एका साध्या इंट व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

शिवाय एरनोशी ज्यांचं काही नातंच नाही अशी फंक्शनं आहेत. थ्रेड हाताळणारी पीथ्रेड मंडळी एररचा क्रमांक परत देतात, एरनोला हात लावत नाहीत. थ्रेड तयार करणं फेल झालं आणि सवयीने पीएरर लिहिलं, तर लिनक्सवर चक्क 'पीथ्रेड क्रिएट: सक्सेस' असा मेसेज मिळू शकतो, कारण एरनो शून्यच असतो. नेटवर्कवरचे पत्ते शोधणाऱ्या गेटअॅड्रइन्फोचे स्वतःचे वेगळे क्रमांक आहेत आणि त्यांचं वाक्य करणारं फंक्शनही वेगळं आहे. इतकंच काय, एफओपनने एरनो भरावा असं पोझिक्स हे युनिक्ससारख्या यंत्रणांचं मानक सांगतं, सी भाषेचं मानक तेवढंही सांगत नाही.

आणि पीएररला फॉरमॅट, म्हणजे टक्क्याच्या खुणा असलेला साचा, देता येत नाही. एकच स्ट्रिंग घेतं, तिच्यापुढे कोलन (:) आणि कारण. मुलं तिथे 'एरर' हाच शब्द देतात, आणि मेसेज निघतो 'एरर: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. कुठली फाईल? वाचायला उघडत होता की लिहायला? कितव्या ओळीवर? माझ्यासमोर अशी एक ओळ घेऊन जेव्हा कुणी येतं, तेव्हा पहिला तास फाईलचं नाव शोधण्यातच जातो. प्रोग्रॅमला ते नाव माहीत होतं, त्याने सांगितलं नाही, एवढंच. एफप्रिंटएफमध्ये प्रोग्रॅमचं नाव, फाईलचं नाव आणि स्ट्रएररने (एरनोचं वाक्य करून देणाऱ्या फंक्शनने) दिलेलं कारण असे तीन टक्का-एस लिहिले की हा तास वाचतो.

आता पाचवं वाक्य. बाकीच्या चुकांनी वेळ जातो, या वाक्याने मशीन जातं. 'टक्का-एस लिहायची गरज नाही, स्ट्रिंग थेट प्रिंटएफला द्या.'

प्रिंटएफचा पहिला आर्ग्युमेंट म्हणजे मजकूर नव्हे, ती आज्ञावली असते. प्रिंटएफ ती एकेक अक्षर वाचत जातं आणि टक्का दिसला की पुढच्या अक्षराबरहुकूम वागतं. डी दिसला तर 'पुढचा आर्ग्युमेंट पूर्णांक आहे' असं धरून उचलतं, एस दिसला तर 'हा पत्ता आहे, तिथून शून्य बाईट येईपर्यंत वाच' असं करतं. तो आर्ग्युमेंट तुम्ही दिलाय की नाही हे तपासायचं साधन त्याच्याकडे नाही. दिला नसेल तर रजिस्टरमध्ये किंवा स्टॅकवर जे पडलेलं असेल ते घेतं. म्हणून मेसेजमध्ये फाईलचं नाव मिसळलं, त्या नावात टक्का आणि त्याला लागून एस निघाला, आणि ती स्ट्रिंग थेट प्रिंटएफला दिली, की प्रोग्रॅम कुठलाही पत्ता वाचायला धावतो. ही झाली अपघाताची गोष्ट. मुद्दाम करणाऱ्यासाठी टक्का-एन आहे. तो वाचत नाही, लिहितो: आतापर्यंत किती अक्षरं छापली तो आकडा, पुढच्या आर्ग्युमेंटने दाखवलेल्या पत्त्यावर. म्हणजे ज्याच्या हातात तुमची फॉरमॅट स्ट्रिंग, त्याला तुमच्या मेमरीत हवं तिथे हवं ते लिहायची सोय.

हे वर्गातलं उदाहरण नाही. 2000 साली लिनक्सच्या आरपीसी-स्टॅटडी या सेवेत असं भोक सापडलं. ही सेवा नेटवर्कवर फाईल वाटून घेण्याच्या एनएफएस व्यवस्थेचा भाग आणि रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालायची. चूक काय होती? बाहेरून आलेला मजकूर सिसलॉगला थेट फॉरमॅट म्हणून दिला जात होता. सिसलॉग म्हणजे एरर आणि सूचना नोंदवण्याचं फंक्शन, आणि त्याचा फॉरमॅट प्रिंटएफसारखाच. त्याच वर्षी एलपीआरएनजी या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्येही नेमकं हेच निघालं, सिसलॉगला फॉरमॅटच दिलेला नव्हता. तिसरं भोक डब्ल्यूयू-एफटीपीडी या फाईल देवाणघेवाणीच्या एफटीपी सर्व्हरच्या एका आज्ञेत, तेही फॉरमॅट स्ट्रिंगचंच. जानेवारी 2001 मध्ये रामेन नावाचा वर्म आला. या तीन भोकांतून तो रेड हॅट 6.2 आणि 7.0 च्या मशीनमध्ये आपणहून शिरत गेला आणि वेबसाइटची पहिली पानं बदलत गेला. तीनपैकी दोन दारं नोंद छापणाऱ्या ओळींनी उघडी ठेवली होती. दोन्ही ठिकाणी टक्का-एस लिहिला असता तर ती बंद राहिली असती.

आणि हे फक्त तेव्हाचं, असंही नाही. 2012 साली सुडोमध्ये, ज्या प्रोग्रॅमकडे रूटचा अधिकार सोपवायचं काम असतं त्याच्यात, डिबग मेसेज छापणाऱ्या फंक्शनमध्ये हीच चूक सापडली. 1.8.0 ते 1.8.3पी1 या आवृत्त्यांत ती होती. तिथे मेसेज स्टँडर्ड एररवरच जात होता, फंक्शनही वेगळं लिहिलेलं होतं. फक्त मेसेजच्या आधी लावायचं प्रोग्रॅमचं नाव फॉरमॅटमध्येच चिकटवलं होतं. ते नाव प्रोग्रॅम चालवणाऱ्याला हवं ते देता येतं. सुडोला टक्क्याची अक्षरं असलेल्या नावाने बोलावलं की झालं. इतक्या जाणत्या लोकांच्या हातून हे घडतं, तर 'गरज नाही' असं विद्यार्थ्यांना शिकवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. नियम एकाच ओळीचा आहे: फॉरमॅट नेहमी तुम्ही स्वतः लिहिलेला, अवतरणचिन्हांतला मजकूर असावा, आणि बाहेरून आलेलं सगळं त्याच्या पुढे आर्ग्युमेंट म्हणून जावं. जीसीसी या कंपायलरला डब्ल्यू-फॉरमॅट आणि डब्ल्यू-फॉरमॅट-सिक्युरिटी हे दोन पर्याय दिले तर अशा बहुतेक ओळींवर तो स्वतःच बोट ठेवतो.

इथेच आणखी एक गोष्ट, कारण एरर छापणाऱ्या ओळी सगळ्यात कमी वेळा चालतात आणि म्हणून सगळ्यात कमी तपासल्या जातात. टक्का-एसला नल पॉइंटर, म्हणजे कशाकडेच न दाखवणारा पत्ता, दिला तर लिनक्सवर सहसा कंसात 'नल' असं छापून येतं, त्यामुळे 'चालतंय की' असं वाटतं. पण फॉरमॅटमध्ये नुसता टक्का-एस आणि नवी ओळ असेल तर जीसीसी त्या प्रिंटएफच्या जागी गुपचूप पुट्स (एक ओळ छापणारं फंक्शन) घालतो, आणि पुट्सला नल मिळाला की प्रोग्रॅम पडतो. म्हणजे मूळ एरर बाजूलाच, एरर सांगणारी ओळच प्रोग्रॅम पाडते.

'स्वतःचं एरर फंक्शन लिहिणं म्हणजे वेळ वाया.' दहा-बारा ओळी लागतात. पहिल्या ओळीत एरनो उतरवून घ्यायचा. मग स्टँडर्ड आउटपुट एफफ्लशने रिकामा करायचा, म्हणजे आधीचं आउटपुट आणि मेसेज यांचा क्रम बिघडत नाही. व्हीए-स्टार्टने फंक्शनला मिळालेले आर्ग्युमेंट हाताशी घ्यायचे, मग व्हीएसएनप्रिंटएफने सगळा मेसेज एका बफरमध्ये, मग व्हीए-एंड. एसप्रिंटएफ नको. त्याला बफर किती मोठा आहे हे माहीतच नसतं, आणि लांब फाईलनाव आलं की तो शेजारच्या मेमरीवर लिहितो. शेवटी प्रोग्रॅमचं नाव, मेसेज आणि कारण एकाच एफप्रिंटएफमध्ये स्टँडर्ड एररवर. एकाच वेळी का, तर तीन प्रोसेस एकाच लॉगमध्ये लिहीत असतील आणि प्रत्येकजण तुकड्यातुकड्याने लिहीत असेल, तर एकाच्या अर्ध्या ओळीत दुसऱ्याची अर्धी ओळ घुसते. फंक्शनच्या डिक्लेरेशनमध्ये जीसीसीचा फॉरमॅट अॅट्रिब्यूट लावला की आर्ग्युमेंटची तपासणी तुमच्या फंक्शनलाही मिळते. लाँग या मोठ्या पूर्णांकाला टक्का-डी दिला तर कंपाइल करतानाच ओरडा होतो. एवढंही लिहायचं नसेल तर 4.4बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासून एर आणि वॉर्न ही तयार फंक्शनं आहेत, लिनक्सच्या लायब्ररीतही मिळतात, प्रोग्रॅमचं नाव आणि कारण स्वतः जोडतात. वेळ वाया जात नाही. तो एकदाच जातो.

'एरर मेसेज तसंही कुणी वाचत नाही.' वाचतात. वाईट लिहिलेला कुणी वाचत नाही, कारण त्यात वाचण्यासारखं काही नसतं. आपल्याकडे वाचणारा बहुतेक वेळा प्रोग्रॅमर नसतो. तो संस्थेतला क्लार्क असतो, केंद्रावरचा मुलगा असतो, आणि त्याला मराठीत मेसेज दिला तर तो फोन न करता स्वतः फाईल जागेवर ठेवतो. हे मी पाहिलं आहे. पण मराठी मेसेज सीमधून नीट छापायचे तर प्रिंटएफ आणखी बारकाईने समजून घ्यावं लागतं.

पहिली अडचण शब्दक्रमाची. इंग्रजीत क्रियापद आधी, मग फाईलचं नाव, मग कारण. मराठीत क्रियापद शेवटी. मेसेज तीन प्रिंटएफमध्ये तुकडे करून छापला असेल तर त्याचं मराठी होऊच शकत नाही. पूर्ण वाक्य एका फॉरमॅटमध्ये असेल तर होतं, आणि पोझिक्समध्ये टक्क्यापुढे आर्ग्युमेंटचा क्रमांक आणि डॉलरचं चिन्ह लिहून क्रमही बदलता येतो: दुसरा आर्ग्युमेंट आधी, पहिला नंतर. दुसरी अडचण रुंदीची. टक्का-एसमध्ये 20 रुंदी सांगितली तर प्रिंटएफ अक्षरं मोजत नाही, बाईट मोजतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना आणि वेलांटीसुद्धा, 3 बाईटांचं असतं. 'नाशिक' म्हणजे न, काना, श, वेलांटी, क: 5 चिन्हं, 15 बाईट. 20 च्या रुंदीत त्याला 5 मोकळ्या जागा मिळतात, 'पुणे'ला 8. पडद्यावर ही नावं तीन-चार घरांचीच दिसतात, त्यामुळे इंग्रजी नावांशेजारी रकाने वाकडेतिकडे होतात. आणि कमाल लांबी 10 सांगितली तर 'नाशिक'मधले न, काना, श हे 9 बाईट छापून झाल्यावर वेलांटीचा एकच बाईट येतो, आणि टर्मिनलवर तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. मराठी मेसेज 'फुटतात' अशी तक्रार जेव्हा येते तेव्हा फॉन्टला दोष दिला जातो. मी आधी फॉरमॅटमधला टिंब आणि आकडा शोधतो.

राहिलं पहिलं वाक्य: 'प्रिंटएफ पुरेसं आहे.' प्रिंटएफ स्वतः फेल होऊ शकतं, हे या सल्ल्यात कुठेच नाही. डिस्क भरली असेल तर ते ऋण आकडा परत देतं, पण तो कोण बघतो? आणि बफरमुळे खरं लिहिणं एक्झिटच्या वेळी होत असेल तर प्रिंटएफला तेव्हा काही कळतही नाही. लिनक्सवर याची परीक्षा घ्यायला डेव्ह डिरेक्टरीत फुल नावाची एक फाईल आहे. तिच्यात काहीही लिहायला गेलं की 'जागा शिल्लक नाही' असाच जबाब मिळतो. कॉलेजात लिहिलेला तुमचा पहिला प्रोग्रॅम घ्या, एक ओळ छापणारा, शून्य परत देणारा. त्याचं आउटपुट '>' लावून त्या फाईलमध्ये पाठवा आणि मग शेलला एक्झिट स्टेटस, म्हणजे प्रोग्रॅमने संपताना परत दिलेला आकडा, विचारा. उत्तर 0 येईल: सगळं व्यवस्थित. एक अक्षरही कुठे लिहिलं गेलेलं नसेल. आता त्याच प्रोग्रॅममध्ये संपण्याआधी एफफ्लशचा निकाल तपासा, आणि निकाल वाईट असेल तर एरनो धरून कारण स्टँडर्ड एररवर छापा आणि 1 परत द्या. पुन्हा चालवा. या वेळी पडद्यावर ओळ येईल, तुमच्या प्रोग्रॅमच्या नावासकट.